उंबऱ्यावरची जागा

प्रभूच्या दिवशी, रविवारी, पहाटे ख्रिस्ती मंडळी जमायची ती मंडळीचे वडील सात्तुरबाबा यांच्या घरी, आणि आत जायचं तर मिगिनला ओलांडूनच जावं लागायचं. तो उंबऱ्याशी पालथा पडलेला असे. अंगावर बकरीच्या केसांचं खरखरीत गोणपाट, डोक्यात चुलीतली राख. येणाऱ्याच्या पायाला हात लावून तो म्हणायचा, "भाऊ, माझ्यासाठी प्रार्थना करा. ताई, माझ्यासाठी प्रार्थना करा." कुणी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवी, कुणी नुसतंच "हो रे बाबा" म्हणे. दोनाता मात्र झग्याचा घोळ चिमटीत उचलून धरायची, म्हणजे त्याचा हात लागायला नको, आणि पाय टाकून सरळ आत जायची. दोनाता त्याची सख्खी आई.

आत गेल्यावर तिची जागा ठरलेली होती, सगळ्यांत पुढची. विश्वासासाठी जीव दिलेल्या माणसाची ती विधवा. तिथे बसायचा मान तिने मागितला नव्हता, पण तो मिळाल्यावर तिने कधी एक दिवसही उशीर केला नाही.

गोष्ट दोन वर्षांमागची. रोमच्या कैसराचा हुकूम सुटला, की प्रत्येकाने टेकडीवरच्या देवळात येऊन देवांपुढे धूप टाकायचा आणि बळीच्या मांसाचा घास तोंडात घालायचा. नाही तर तुरुंग. हुकूम वाचला त्याच दिवशी गावची निम्मी मंडळी चढण चढून मोकळी झाली. लोक इतक्या घाईने गेले, की शेवटी पुजारीच वैतागून म्हणाला, "उद्या या हो, माझा धूप संपला!" हे लोक काल-परवापर्यंत प्रभूसाठी मान कापून देण्याच्या गोष्टी करत होते. मान राहू दे, उद्यापर्यंत थांबायचीसुद्धा त्यांची तयारी नव्हती.

दोनाताचा नवरा सिद्दिन तेलाचा घाणा चालवायचा. बोलणं कमी, काम फार. तो गेला नाही. शिपायांनी नेलं तेव्हा हातावरचं तेलसुद्धा त्याला पुसू दिलं नाही. तुरुंगात अन्न थोडं द्यायचे आणि पाणी मुळीच नाही. आतल्या लोकांनी आपणहून 'येतो देवळात' म्हणावं यासाठीची ती युक्ती. दोनाता रोज घागर घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची. तिथला पहारेकरी बोंकार तिच्या हातून घागर घ्यायचा आणि तिच्यादेखत रस्त्यावर ओतायचा. "जा, तुझ्या देवाला सांग, आतल्या आत पाऊस पाड म्हणावं," असं म्हणून हसायचा. आठवडा भरायच्या आत सिद्दिन गेला. त्याचं प्रेत घरी आणलं, तेव्हा त्याची जीभ काळी पडलेली होती.

मग दोनाताची पाळी होती. तिने केस धुतले, धुतलेला झगा घातला आणि दाराशी बसून राहिली. शिपाई गल्लीत आले, शेजारच्या दारी थांबले आणि तिच्या दारावरून पुढे निघून गेले. थोड्या वेळाने मिगिन घरी आला. त्याच्या कपड्यांना धुपाचा वास येत होता.

"आई, आता कुणी येणार नाही," तो म्हणाला. "घरातल्या कर्त्याने टाकला की बाकीच्यांना बोलवत नाहीत. मी दोघांचा मिळून टाकला."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग माझा कशाला टाकलास? मी काय हात जोडले होते तुझ्यापुढे?"

तिने त्याचा वाडगा आणि अंथरूण उचलून गल्लीत ठेवलं आणि आतून कडी घातली. त्या दिवसापासून मिगिन बापाच्या घाण्यावर निजायला लागला. आपलेच दात आणि आपलेच ओठ; पण दोनाताने एकदाही ओठ उघडून तक्रार केली नाही. ती रोज सकाळी कोनाड्यातली लाकडी डबी काढायची. प्रभूच्या दिवशी मंडळीत वाटलेली आशीर्वादाची भाकर विश्वासी लोक घरी आणून अशा डबीत ठेवतात आणि दुसरं काही तोंडात घालायच्या आधी तिचा कण खातात. तो कण खाऊन ती प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायची. सगळी प्रार्थना सावकाश, एकेक शब्द स्वच्छ. फक्त 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली, की ती घाईघाईने पुढे जायची.

संकट सरलं तसे देवळात गेलेले लोक एकेक करून परत आले, रडू लागले, दाराशी पडू लागले. त्यांना परत घ्यायची रीत आहे. वर्ष-दोन वर्षं दाराशी काढली, पश्चात्ताप खरा दिसला, की वडील त्याचं नाव घेऊन मंडळीला विचारतात, "कुणाचं काही म्हणणं आहे? असेल त्याने उभं राहावं." कुणी उभं राहिलं नाही, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, सगळे त्याला शांतीचं चुंबन देतात आणि तो भाकरीला बसतो. कुणी उभं राहिलंच, तर पुढल्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत थांबायचं. उभं सहसा कुणी राहत नसे. चक्कीवाल्याच्या बायकोने तर देवळात बळीचं मांस दोनदा मागून खाल्लं होतं म्हणतात, पण तिच्या वेळीही सगळे खाली बघत बसले. खाली बघणाऱ्यांतले बरेचसे देवळात तिच्या मागच्या रांगेतच होते ना!

मिगिनची पाळी आली. बाबांनी विचारलं. आणि पुढच्या जागेवरून दोनाता उभी राहिली.

सात्तुरबाबा सावकाश म्हणाले, "दोनाता, तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं नाही, बाबा. जे आपल्याला मिळालं तेच मी सांगते. माझ्या आजीला पहिल्या लोकांनी शिकवलं, आजीने मला शिकवलं. माणसांपुढे जो प्रभूला नाकारील, त्याला प्रभू बापापुढे नाकारील. यातला शब्द मी इकडचा तिकडे केला नाही. याचा बाप पाण्याच्या थेंबावाचून मेला. त्याच्या पंगतीला आता हा बसणार?"

"आजीने तुला तेवढंच शिकवलं का गं?"

"बाबा, मी उभी राहिलेय. रीत काय आहे ती पाळा."

बाबांनी मान खाली घातली. रीत पाळावीच लागली. मंडळी उठली तेव्हा मिगिन तसाच पालथा होता. आजवर तिथून जाताना तो तिला इतरांसारखंच 'ताई' म्हणायचा, कारण पश्चात्ताप करणाऱ्याला घरदार नसतं. त्या दिवशी तो म्हणाला, "आई, माझ्यासाठी प्रार्थना कर." तिने घोळ उचलला आणि पाय टाकला.

बाहेर रोगात तिची वाटच बघत होता. हा कापडं धुणारा आणि रंगवणारा, पैशाने बरा, आवाजाने त्याहून बरा. विश्वासातून पडलेल्यांना मुळीच परत घेऊ नये असं म्हणणारे आठ-दहा जण त्याच्याभोवती जमलेले असत.

"मावशी, वा! मंडळी पवित्र राहिली ती तुमच्यासारख्यांमुळे."

"तू कुठे होतास रे तेव्हा? टेकडीवर दिसला नाहीस, तुरुंगातही नाही."

"सासुरवाडीला. प्रभूनेच सांगितलंय ना, या गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा."

"हो, आणि त्या गावी धान्याचं कोठारही असावं, असंही सांगितलं असेल."

रोगात हसला. दोनाताला तो माणूस मनातून आवडत नव्हता. पण त्याचा 'वा' मात्र तिने घरापर्यंत नेला आणि दोन दिवस पुरवला.

त्याच उन्हाळ्यात साथ आली. ताप, जुलाब, डोळे लाल, घशात निखारे, आणि तहान अशी की माणूस ओल्या मातीला तोंड लावायचा. लोकांनी आपलीच माणसं जिवंतपणी रस्त्यावर आणून टाकली. सात्तुरबाबा त्या आठवड्यात मंडळीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांनी आपल्याला शिव्या दिल्या ते तहानलेत. पाणी घेऊन जा. तोंड कुणाचं आहे ते बघू नका. हे आपण पहिल्यापासून शिकत आलोय, आज करायचंय." रोगात आणि त्याची माणसं सासुरवाडीच्या वाटेला लागली. मिगिनला आत यायची मनाई होती, पाणी वाहायची नव्हती. त्याने बापाचा घाणा उघडला, ऑलिव्ह पिळायच्या गवती चटया जमिनीवर पसरल्या आणि रस्त्यावरचे रोगी पाठीवर घालून आणायला लागला.

विहिरीवर बायका बोलत होत्या. त्यात दोनाताच्या कानावर आलं, की मिगिनने आज बोंकारला आणलंय. ती घागर तिथेच ठेवून घाण्याकडे निघाली.

मिगिन एका चटईपाशी गुडघ्यावर बसला होता. चटईवर बोंकार. एवढा दांडगा माणूस, आता त्याच्या मनगटाची हाडं दिसत होती.

"हा कोण आहे ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे, आई."

"तुझ्या बापाचं पाणी याने रस्त्यावर ओतलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"हो. त्याच्या बायकोनेच त्याला नाल्यात लोटून दिलं होतं. 'पाणी, पाणी' करत होता. मला वाटलं, बाबाही तुरुंगातून असेच ओरडले असतील."

"बापाचं नाव तोंडातून काढू नकोस."

"नाही काढत." त्याने पेला पुन्हा भरला. "जरा याची मान धरतेस? एका हाताने पाजायला गेलं की सगळं सांडतं."

"धूप टाकताना दोन हात होते ना तुला?"

"तेव्हा एकच लागला," मिगिन म्हणाला आणि स्वतःशीच हसला. लहानपणी काही फोडून ठेवलं की तो असाच हसायचा. दोनाताला ते बघवेना. ती दाराकडे वळली, तेव्हा तो मागून म्हणाला, "आई, सणाला पुन्हा विचारतील. तेव्हाही उभी राहशील?"

"राहीन."

"बरं."

"बरं काय, बरं?"

"उभी राहशील म्हणजे तोवर जिवंत असशील. मी त्यासाठीच तर गेलो होतो टेकडीवर."

ती तशीच निघून गेली. विहिरीवरची घागर आणायचीही तिला आठवण राहिली नाही. त्या दिवसापासून ती मंडळीतही गेली नाही. बाबा पुन्हा आजीची आठवण काढतील याची तिला भीती वाटत होती. मध्ये एकदा रोगात गावात डोकावला तेव्हा दारावरूनच तिला सांगून गेला, "बरं केलंत मावशी. कार्थेज शहरात जमलेल्या बिशपांचा काही निरोप आलाय म्हणे, बाबा मंडळीत सांगत होते. रोज काहीतरी नवं काढतात." काय नवं, ते तिने विचारलं नाही.

एका दुपारी ती तव्यावर जवाची भाकर टाकत होती. दाराशी सावली पडली. काठी टेकत बोंकार उभा होता. साथीतून उठलेला माणूस, नुसता सापळा.

"बाई, तुझा पोरगा पडलाय," तो म्हणाला. "काल रात्रीपासून. मी घरी जायला निघालो होतो, तर तोच चटईवर."

दोनाताच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली.

"भाकर मागतोय. मी माझ्यातली भिजवून दिली, तर नको म्हणतो. तुमची ती दुसरी भाकर. मला त्यातलं काही कळत नाही बाई. 'आईच्या घरात आहे, कोनाड्यात,' म्हणतो. 'तिला म्हणावं, आण.' म्हणून आलो."

तिने कोनाड्यातली डबी काढली. हातात धरली. दोन पावलं दारापर्यंत गेली. आणि थांबली.

मंडळीत परत घेतल्याची शांती मिळाल्यावाचून ती भाकर देता येत नाही. शांती मिळाली नव्हती, कारण ती उभी राहिली होती. मंडळीपुढे दिलेला शब्द मंडळीपुढेच परत घ्यायचा असतो, घरातल्या घरात नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात; इथे तर पीळ आपणहून सुटायला निघाला होता, पण तोही रीतसर सुटायला हवा होता. तिने डबी परत कोनाड्यात ठेवली.

"तू त्याच्याजवळ जाऊन बस," ती बोंकारला म्हणाली. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "पाणी पाजत राहा. मी आले."

"पाजतो," बोंकार म्हणाला.

सात्तुरबाबा वेशीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी प्रेतं पुरत होते. वाट चढाची, ऊन डोक्यावर, गुडघे म्हाताऱ्या बाईचे. ती पोचली तेव्हा बाबा कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते.

"बाबा, मी खाली बसते," ती धापा टाकत म्हणाली.

"बस की. सावलीत बस."

"तसं नाही हो! त्या दिवशी उभी राहिले होते ना, मिगिनच्या वेळी. ती मी बसते. माझं काही म्हणणं नाही. मंडळीला बोलवा, सगळ्यांपुढे सांगते."

बाबांनी कुदळ टाकली. "मिगिनला काय झालं?"

"पडलाय. भाकर मागतोय."

"तुझ्या घरात भाकर आहे?"

"आहे."

"मग इथे काय करते आहेस तू?"

बाबा खड्ड्यातून कसेबसे वर आले. त्यांचा आवाज चढला होता, आणि बाबांचा आवाज चढलेला गावात कुणी ऐकला नव्हता. "मागच्या महिन्यात सांगितलं ना मी मंडळीत? कार्थेजहून सगळ्या बिशपांचा निरोप आला. मरणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. विचारायचं नाही, मंडळी जमवायची नाही. ज्या विश्वासी माणसाजवळ भाकर असेल त्याने धावत न्यायची. कुठे होतीस तू?"

"मी आलेच नाही. रोगात म्हणाला, बाबा काहीतरी नवं काढतायत."

"नवं?" बाबा म्हणाले. "अगं, वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या चोराला प्रभूने त्याच दिवशी स्वर्ग दिला; त्याला किती वर्षं दाराशी उभं केलं होतं? याहून जुनं आपल्याकडे काही नाही, दोनाता. जा. पळ."

ती पळाली. गावातल्या कुणी दोनाताला पळताना पाहिलं नव्हतं. घरात भाकर जळून तव्याचा धूर झाला होता. तिने कोनाड्यातली डबी उचलली आणि घाण्याकडे धावली.

बोंकार चटईवर मांडी घालून बसला होता. मांडीवर मिगिनचं डोकं होतं. एका हाताने त्याने मान वर धरलेली आणि दुसऱ्या हातात पेला. पाणी ओठांच्या कडेने गळ्यावर ओघळत होतं, तरी तो पाजतच होता.

"पीत नाहीये, बाई," तो म्हणाला. "आत्ता आत्तापर्यंत पीत होता. 'आई आली का' विचारत होता. मी म्हटलं, येतेय, वाटेत आहे. खोटं नव्हतं ना ते?"

दोनाताने डबी उघडली. तुकडा मोडला, पाण्यात बुडवला आणि मिगिनच्या ओठांपाशी नेला. ओठ गरम होते. तिने ते बोटाने उघडायला घेतले, तेवढ्यात मागून कुणी तिचं मनगट धरलं. सात्तुरबाबा होते. हाताला खड्ड्यातली माती लागलेली.

"मेलेल्याला देत नाहीत, दोनाता. प्रभूने 'घ्या, खा' म्हटलंय. तो घेऊ शकत नाही आता."

"हेसुद्धा पहिल्यापासूनच का हो, बाबा?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं.

तिने तुकडा परत डबीत ठेवला. आयुष्यभर तिने सगळं पाळलं होतं, हेही पाळलं. मग ती वाकली आणि मिगिनच्या तोंडावर तोंड ठेवून त्याला शांतीचं चुंबन दिलं. त्याला कुणी हरकत घेतली नाही. घेतली असती तरी तिने ऐकलं नसतं.

"बाबा, एक सांगू?" ती तशीच वाकलेली असताना म्हणाली. "त्या दिवशी मी केस धुऊन दाराशी बसले होते ना, सगळ्या गावाने पाहिलं. शिपाई माझ्या दारावरून पुढे गेले, तेव्हा मला बरं वाटलं हो. इतकं बरं वाटलं, की पोटात गार वाटलं. मला जगायचं होतं. ते याला कळलं होतं. म्हणून मला याचं तोंड बघवत नव्हतं."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोंकार अजून पेला धरूनच बसला होता. खाली ठेवावा की नाही, ते त्याला समजत नव्हतं.

मिगिनला त्यांनी सिद्दिनच्या शेजारी पुरलं. दोनाताने भाकरीची डबी बाबांच्या स्वाधीन केली आणि पुढच्या प्रभूच्या दिवशी मंडळी जमायला लागली, तेव्हा उंबऱ्याशी पालथं कुणीतरी पडलेलं होतं. मिगिनचंच गोणपाट, म्हाताऱ्या अंगाला फार मोठं झालेलं.

"बहिणी, ऊठ," बाबा म्हणाले. "तुझ्या या चुकीला आपल्यात कुठलंही प्रायश्चित्त सांगितलेलं नाही."

"माझ्या लेकाने भाकर मागितली आणि मी त्याला धोंडा दिला, बाबा. सांगितलेलं नसेल तर नसू दे. जागा रिकामी आहे ना?"

लोक अडखळले. तिला ओलांडायची कुणाची छाती होईना. साथ ओसरल्यावर रोगात परत आला आणि तिला पाहून दचकलाच. "मावशी! हे काय? तुमची जागा पुढे!"

तिने त्याच्या पायाला हात लावला. "भाऊ, माझ्यासाठी प्रार्थना कर."

तो पाय ओढून घेऊन भिंतीकडेने आत गेला.

अशी ती पावसाळी थंडीभर तिथे पडून राहिली. बोंकारही यायला लागला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्यामुळे वचन ऐकून झालं, की त्याला बाहेर यावं लागायचं. मग तो तिच्याजवळ पायरीवर बसायचा आणि घरून आणलेल्या घागरीतलं पाणी तिला द्यायचा. पहिल्या दिवशी तिने त्या पेल्याकडे खूप वेळ पाहिलं. मग प्यायली. "गोड आहे," म्हणाली. बोंकारने तोंड फिरवून घेतलं.

पुनरुत्थानाचा सण आला. त्या पहाटे मंडळीत, भाकर मोडायच्या आधी, शांतीत गेलेल्यांची नावं घेतात. बाबांनी नावं घ्यायच्या आधी हात वर केला.

"मिगिन शांतीवाचून गेला," ते म्हणाले. "रीतीप्रमाणे त्याचं नाव इथे घेता येत नाही. तरी मंडळीचा होकार असेल, तर आजपासून त्याच्या बापाच्या नावामागे मी ते घेईन. कुणाचं काही म्हणणं आहे? असेल त्याने उभं राहावं."

पुढची एक जागा रिकामी होती. रोगात आपल्या जागेवर अर्धवट उठला होता. पण एकट्याने उभं राहायची सवय त्याला कधीच नव्हती, म्हणून दोनाता उठेल या आशेने तो दाराकडे बघत होता. त्याच्यामागचेही दाराकडे बघत होते. बघता बघता सगळ्यांच्याच माना दाराकडे वळल्या.

बाबा थांबले. कुणाच्या नावाला ते इतका वेळ थांबले नव्हते.

दोनाताचं कपाळ उंबऱ्याच्या दगडाला टेकलेलं होतं. तिने ते उचललं नाही. दोन्ही हातांनी तिने उंबरा धरून ठेवला होता.

रोगात खाली बसला.

"सिद्दिन," बाबा म्हणाले. "मिगिन."

आणि सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं. बाहेर पायरीवर बोंकारनेही म्हटलं, आणि आपल्याला म्हणायची परवानगी होती की नाही, म्हणून घाबरून तो दोनाताकडे बघायला लागला. ती रडत होती, म्हणून त्याने घागरीतलं पाणी ओतून पेला तिच्यापुढे धरला.